गार विस्तव

ही गोष्ट मी शनिवार, १४ डिसेंबर २०१९ रोजी, रात्रीच्या जेवणानंतर, पैनगंगेकाठच्या निंबकुंटा या गावी लचमव्वा येमूल यांच्या तोंडून ऐकली. लचमव्वा पद्मसाळी समाजाच्या, सत्तरी ओलांडलेल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या. निंबकुंट्याला नुकताच नगरपंचायतीचा दर्जा मिळाला होता आणि गावाचा संक्षिप्त इतिहास लिहिण्याचे काम मी पत्करले होते. गावात डोंगराच्या बाजूला कोलामांचे पोड, म्हणजे वस्ती, आहे, माळावर बंजाऱ्यांचा तांडा आहे आणि नदीकडे साळ्यांची आळी. घरातली भाषा तिघांची तीन. एकमेकांशी मात्र सगळे मराठीत बोलतात. मराठी येथे कोणाचीच घरची नव्हती, म्हणून ती सर्वांची झाली असावी.

माझा पहिला प्रश्न सर्वांना एकच असे: या गावात सर्वांत आधी कोण आले? लचमव्वांनाही मी तोच विचारला. त्यांच्या आधी अंथरुणात पडलेला त्यांचा नातू भूमेश उठून बसला आणि म्हणाला, "अव्वा, आपण कितवे?"

त्याच्या शेजारी तांड्यावरची पायल आणि पोडातला लेतू झोपायला आले होते, कारण घरची मोठी माणसे प्रभागांच्या सभेला गेली होती. पायल म्हणाली, "आम्ही पहिले. माझे बापू सांगतात." लेतूने तिला पांघरुणातूनच लाथ मारली.

तेव्हा लचमव्वांचा आवाज चढला. "गप पडा तिघंही. आणि सर, तुम्हीही ऐका. विचारलंत ना? मग उठू नका."

पुढचे शब्द शक्य तितके त्यांचेच आहेत. काही वाक्ये मी सरळ करून घेतली आहेत. त्यांतला राग कमी केलेला नाही.

एक होता राजा. राजाला एक खोड होती. प्रत्येक वस्तूला एकच धनी हवा, असा त्याचा हट्ट. आंब्याला एक धनी, विहिरीला एक धनी, वाटेला एक धनी. आणि ज्या वस्तूला दोन धनी निघाले, ती तो स्वतःच ठेवून घ्यायचा. असा तो न्यायी राजा, बरं का.

मग काय झालं, पौषातल्या थंडीत तो फिरत फिरत आपल्या गावाला आला. नदीकाठी तंबू ठोकले. तीन आळ्यांच्या तीन मोठ्या माणसांना बोलावलं आणि विचारलं, "हे गाव कुणाचं?"

डोंगराचा म्हातारा म्हणाला, "आमचं. या डोंगराला नाव आम्ही दिलं. हे दोघं आले तेव्हा आमच्या म्हाताऱ्यांनी त्यांना पाणी दाखवलं."

तांड्याचा नाईक म्हणाला, "आमचं. आमचे बैल मीठ घेऊन आले म्हणून इथे वाट पडली. वाट नाही तिथे गाव कसलं? ते तर रान."

साळ्यांचा मोठा म्हणाला, "आमचं. या दोघांच्या अंगावर जे आहे ते आमच्या मागावरचं. उघड्या माणसांचं कधी गाव असतं का?"

राजा खूश झाला. त्याला असंच लागायचं. मग तो म्हणाला, "पुनवेला मी निकाल देणार. जो सर्वांत आधी आला, त्याच्या मोठ्याच्या डोक्यावर मी पागोटं ठेवणार. बाकीचे उपरे. उपऱ्यांनी भांडीकुंडी उचलायची आणि नदीपार व्हायचं."

आणि ते पागोटं विणायला कुणाला सांगितलं? आपल्याच साळ्यांना. तेही हौसेनं बसले. गावातला कापूस न् कापूस त्यात गेला. उशीतला गेला, गोधडीतला गेला, दिव्याच्या वातीचासुद्धा गेला. दुसऱ्याच्या डोक्यावर जाईल असं कुणालाच वाटलं नव्हतं ना.

आता त्या गावात एक रीत होती. चूल आपल्या घरच्या विस्तवानं पेटवायची नाही. सकाळी खापर घेऊन दुसऱ्या आळीत जायचं आणि विस्तव मागायचा. साळणी तांड्यावर जायच्या. तांड्यावरच्या पोडात जायच्या. पोडातल्या खाली आमच्याकडे यायच्या. असा विस्तव रोज गावभर फिरायचा. आणि मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही. घरात भांडण असो, सुतक असो, नाही म्हणायचं नाही.

पण राजानं विचारलं, आणि तिघांच्याही डोक्यात एकच किडा शिरला. आपण पहिले, तर आपला विस्तव सगळ्यांत जुना. मग तो बाहेर कशाला द्यायचा? आणि दुसऱ्याचा घरात कशाला आणायचा? तांड्यानं दार लावलं. पोडानं दार लावलं. आमच्या आळीनंही लावलं. शहाणे सगळे.

पहिल्या दिवशी चुली पेटल्या, पण भाकरी कच्चीच राहिली. बाया म्हणाल्या, सरपण ओलं असेल. दुसऱ्या दिवशी जाळ पिवळाधम्मक उठला, पण पाणी कोमटसुद्धा होईना. बाया म्हणाल्या, थंडी फार आहे. तिसऱ्या दिवशी जाळात हात घातला, तर हात गार. नदीच्या पाण्यात घालावा तसा गार.

मग सगळ्यांना कळलं. पण सांगणार कोण? आपला विस्तव गार झाला असं जो म्हणेल, त्याचं पहिलेपण जाईल. म्हणून प्रत्येक घरात लोक गार जाळापुढे बसायचे, हात शेकल्यासारखे करायचे आणि कच्च्या भाकऱ्या चावायचे. राजाच्या आचाऱ्यानं विस्तव आमच्याच आळीतून नेलेला. राजाही कच्ची खिचडी कडाकडा चावत होता. पण राजाची खिचडी कच्ची आहे, हे राजाला कोण सांगणार?

("मी सांगितलं असतं," लेतू म्हणाला. "तू आधी डोळे मीट," लचमव्वा म्हणाल्या.)

मग काय झालं, साळ्यांच्या आळीत एक म्हातारी होती. तिचं नाव पोशव्वा. तिची सून बाळंत झाली. पौषाची थंडी, उशीत कापूस नाही, गोधडीत कापूस नाही. बाजेखाली शेगडी ठेवली, तर शेगडीतून गार वाफ. बाळाचे पाय गार पडायला लागले. पोशव्वा ते तळव्यात धरून चोळायची, तोंडानं फुंकर घालायची. तेवढ्यापुरते उबायचे. पुन्हा गार.

मग तिनं खापर घेतलं आणि निघाली. आधी तांड्यावर गेली.

"नाईका, विस्तव दे. सून बाळंत झालीय."

नाईक दाराआडून म्हणाला, "पुनवेनंतर ये, अक्का. आत्ता दिला तर पोडवाले म्हणतील, नाईकाचा विस्तव वाटलेला."

मग ती डोंगर चढून पोडात गेली. म्हातारा जाळावर हात धरून थरथरत बसला होता.

"बाबा, विस्तव दे."

"आमचा विस्तव पहिला आहे, पोशव्वा. पहिला विस्तव वाटायचा नसतो."

"गरम आहे का?"

"पहिला आहे," म्हातारा म्हणाला.

मग ती आपल्या आळीत परत आली. साळ्यांचा मोठा म्हणजे तिचा सख्खा दीर. त्याला म्हणाली, "भावोजी, आपला विस्तव गार पडलाय. उठा, तिघं मिळून काही करा. बाळाचे पाय बघा येऊन."

दीर म्हणाला, "हळू बोल, वहिनी. राजाच्या कानावर गेलं तर पागोटं जाईल."

"आणि बाळ गेलं तर?"

"पुनवेला एकच रात्र उरलीय," दीर म्हणाला.

असं म्हणाला तो. सख्खा दीर. विसरू नका हं तुम्ही, मी विसरलेली नाही.

मग पुनव उजाडली. नदीकाठी सगळं गाव जमलं. मधे दगड, दगडावर ते पागोटं, पांढरंशुभ्र. तिघं मोठे अंघोळी करून आले होते. गार पाण्यानं, दुसरं होतं कुठे. दात वाजत होते, पण चेहरे पाहुण्यांच्या पंगतीला बसल्यासारखे. राजा उठला आणि म्हणाला, "बोला. पहिला कोण?"

तिघंही एकदम बोलायला लागले. एकाचं दुसऱ्याला ऐकू येईना. तेवढ्यात पोशव्वा खापर घेऊन मधे आली. केस मोकळे, पायांत काही नाही. ती राजाला म्हणाली, "राजा, तुझी खिचडी शिजली का?"

राजा जिभेनं दाढ चाचपायला लागला. त्याच्या दाढेत तांदूळ अडकला होता.

"नाही शिजली," पोशव्वा म्हणाली. "यांचीही नाही. यांचीही नाही. आमचीही नाही. चार दिवस गार जाळापुढे बसलेत आणि पहिले कोण ते ठरवतायत. मेलेल्या चुलीचा पहिला काय आणि शेवटचा काय?"

मग तिनं डोंगराच्या म्हाताऱ्यापुढे हात केला. "चिलमीची गारगोटी दे." त्यानं मुकाट दिली. नाईकापुढे हात केला. "कमरेचं पोलाद दे." त्यानंही दिलं. मग दिरापुढे हात केला. "कापूस."

दीर म्हणाला, "वहिनी, कापूस कुठे आहे? सगळा पागोट्यात गेला."

"तेच म्हणते मी."

आणि तिनं दगडावरचं पागोटं उचललं. त्याचा शेमला दातांनी फाडला आणि बोटांनी पिंजला. कुणाचा हात पुढे आला नाही. मग तिनं गारगोटीवर पोलाद मारलं. पहिल्यांदा ठिणगी उडाली आणि विझली. दुसऱ्यांदा कापसाला चाटून गेली. तिसऱ्यांदा कापसानं धरली. फुंकर घातली तसा जाळ झाला, आणि जाळाबरोबर धग आली. खरी धग, तोंड मागे घ्यावं लागेल अशी. पागोटं भडभडून पेटलं. चार दिवसांचे गारठलेले लोक, सगळे हात पुढे करून त्याच्याभोवती गोळा झाले. तिघं मोठेसुद्धा. आपलंच पागोटं जळत होतं आणि तिघंही शेकत होते.

("मग आधीच का नाही पेटवला त्यांनी?" पायलने विचारले.

"गारगोटी एकाकडे, पोलाद दुसऱ्याकडे, कापूस तिसऱ्याच्या मागावर. आणि तिघं एकमेकांशी बोलत होते का? तूच मघाशी बोलत होतीस का लेतूशी?"

पायलने तोंडावर पांघरूण घेतले.)

राजा ओरडला, "जाळलंस माझं पागोटं. कुणाची तू? कुठल्या आळीची?"

पोशव्वानं सुक्या गोवऱ्या त्या जाळात धरल्या, निखारा झाला तो खापरात घेतला आणि चालायला लागली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "नंतर सांगते," म्हणाली. "बाळ गारठलंय."

मग तिनं शेगडी भरली. बाजेखाली धग गेली. त्या दिवशी साळणी तांड्यावर गेल्या, तांडा पोडात गेला, पोड आमच्याकडे आलं. धूर सगळ्या घरांतून निघाला. एकट्या राजाच्या तंबूतून नाही. राजाला भूक लागली. आचाऱ्याला पाठवलं, तर पोशव्वा म्हणाली, "ज्याच्या घरी चूल, त्यानंच खापर आणायचं." मग राजा स्वतः आला. खापर कसं धरायचं तेही त्याला येईना, बोट भाजून घेतलं.

पोशव्वानं निखारा दिला. नाही म्हणायचं नसतं ना. देताना म्हणाली, "घे. पण उद्या कुणी मागायला आलं तर तुलाही द्यावा लागेल. आणि ऐक, तुझा निकाल मी लावते. या गावात पहिला कोण ते काही कळलं नाही. शेवटचा सापडला. तो तू."

राजानं खिचडी शिजवली, पोटभर खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच तंबू काढून गेला. आमच्या बाया खापर घेऊन गेल्या, तर तिथे नुसती राख. त्यानं विस्तव परत दिला नाही. अजून दिलेला नाही, बरं का.

आणि त्या तिघांचं काय? पोशव्वा त्यांच्याशी मरेपर्यंत बोलली नाही. तिनं रीत घालून दिली. पौषातल्या पुनवेला विस्तव मागायला बायांनी जायचं नाही. तिन्ही आळ्यांच्या मोठ्या माणसांनी जायचं, उघड्या डोक्यानं, अनवाणी, दुसऱ्याच्या दारात उभं राहून मागायचा. आणि घरातल्या बाईनं त्यांना थोडा वेळ उभं ठेवायचं. चांगलं पाय गारठेपर्यंत.

बाळ उबलं, रडलं, प्यायलं, मोठं झालं. कुणी नदीपार गेलं नाही. डोंगर डोंगरावर राहिला, तांडा माळावर, आम्ही नदीकडे. चुली धगधगत राहिल्या, भाकऱ्या शेकून निघत राहिल्या, पोरंबाळं पोटभर जेवून झोपत राहिली. तुम्हीही झोपा आता. आणि उद्यापासून 'आपण कितवे' असं ज्याच्या तोंडून ऐकेन, त्याच्या पाठीत धपाटा. मग तो कुठल्याही आळीचा असो.

गोष्ट येथे संपली. मुले झोपल्यावर मी लचमव्वांना विचारले की त्या बाळाचे नाव काय होते, आणि त्याचे कोणी वंशज आज आळीत आहेत का. त्या चुलीतल्या निखाऱ्यांवर राख ओढत होत्या. त्यांनी वर पाहिले नाही.

"गोष्टीतलं बाळ जगतं, सर," त्या म्हणाल्या. "पोरांना झोपायचं असतं."

शुक्रवार, १० जानेवारी २०२० रोजी, पौष पौर्णिमेच्या सकाळी, मी पुन्हा निंबकुंट्यास गेलो. तिन्ही आळ्यांतील वडीलधारी माणसे उघड्या डोक्याने, अनवाणी, हातात खापर घेऊन दुसऱ्यांच्या दारांत उभी असलेली मी स्वतः पाहिली. लचमव्वांच्या दारात तांड्यावरचे दोन वृद्ध होते. त्यांना त्यांनी बराच वेळ उभे ठेवले. पागोटे जाळल्याची जागा मला दोन आळ्यांनी नदीकाठी एकाच ठिकाणी दाखवली, तिसरीने थोडी वरच्या अंगाला. गावात सर्वांत आधी कोण आले, हा प्रश्न त्यानंतर मी कोणालाही विचारला नाही.

बाळाविषयी मात्र मी तिन्हीकडे चौकशी केली. तांड्यावर सांगितले की ते जगले, पण त्याचे नाव कोणास आठवले नाही. पोडातील वृद्धांनी सांगितले की गोष्टीचा तेवढा भाग ते सांगत नाहीत. साळ्यांच्या आळीत पोशव्वाच्या दिराचे घर दाखवायला तीन माणसे पुढे आली, आणि पोशव्वाच्या नातवाचे घर दाखवायला कोणी आले नाही. बाळ जगले, या एका भागाला मला आजवर खात्रीचा दुजोरा मिळालेला नाही.