मिटलेली कात्री

फार जुनी गोष्ट. तापाने फणफणलेल्या एका बाळाच्या अंगात रक्ताची नदी वाहत होती आणि तिच्यात एक मिटलेली कात्री जन्मापासून एकटीच तरंगत होती. काठावरच्या पेशी तिला हसायच्या. "अगं, उघडणार तरी कधी? गंजलीस की काय?" एवढंच काय ते बोलणं.

ताप वाढला तसे जंतू काठावर चढले. वळणावरची एक पेशी फुटली आणि तिच्या पोटातली रिळं नदीत पडू लागली. जन्मभर तिने त्यांच्यावर आपला दोरा जपून गुंडाळला होता. आता तीच रिळं जिथे आदळतील तिथे शेजारणींना भोकं पडत होती.

"कात्रे, इकडे ये गं बाई," ती कशीबशी म्हणाली. "माझं रीळ धर."

कात्रीला आजवर कुणी 'ये' म्हटलं नव्हतं. ती लगबगीने रिळाला टेकली, तशी तिची पाती आपसूक उघडली.

"आता काप. सगळी काप."

"अगं, पण मग तुझं काहीच उरायचं नाही."

"माझं राहू दे. शेजारणींना वाचव."

कात्री कापत सुटली. शेवटचं रीळ पात्यात आलं तेव्हा तिने मागे वळून विचारलं, "हेसुद्धा?"

वळणावर कुणीच नव्हतं. तिने तेही कापलं.

ताप उतरला. "बाई गं, उघडलीस की!" शेजारणी कौतुकाने ओरडल्या. कात्रीला त्या रिकाम्या जागेपाशी जरा थांबायचं होतं, पण नदी तिला पुढे घेऊन गेली.