वऱ्हाड घेऊन आलेला पाहुणा

कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढूनच शिरायचे, त्या काळची गोष्ट. लग्नपत्रिका छापणाऱ्या एका दुकानात भीमा नावाचा कॉम्प्युटर होता. त्याच्या पोटात लेखणी नावाचा चिमुकला प्रोग्राम राही. तिला अक्षरं जुळवण्यापलीकडे काही येत नसे. पण बटण दाबायचा अवकाश, की ती हजर! भीमाला तिचं भारी कौतुक.

एकदा सर्वेश्वर नावाचा नवा प्रोग्राम मुक्कामाला आला. मागोमाग घड्याळ, हवामान, गाणी आणि एक बोलका पोपट.

"एवढी मंडळी?" भीमा दचकला.

"आम्ही वऱ्हाडाशिवाय कुठे जात नसतो."

तेवढ्यात घाईचं गिऱ्हाईक आलं. सर्वेश्वर म्हणाला, "थांबा, मंडळी तयार होताहेत." पोपटाने हवामान सांगितलं. भीमाला धाप लागली, अंग तापलं, पडदा गोठला.

"थकलाय हा," मालकीण मंदाकिनीबाई वैतागल्या. "भंगारात काढते!"

तोच लेखणी उठली. त्या गर्दीतून अंग चोरत तिने पत्रिका जुळवली आणि गुपचूप कोपऱ्यात जाऊन बसली.

"ना गाणं, ना पोपट!" सर्वेश्वरने नाक मुरडलं. "ही काय पत्रिका झाली?"

भीमा धापा टाकत म्हणाला, "बाबा रे, आपल्याला पत्रिका छापायची होती. लग्न नव्हतं लावायचं!"