शांततेला किती गुण?

“माई, माझे कान बिघडले का हो?”

गिरिजामाईंनी सुपारी कातरायचं थांबवलं नाही. “पिळून बघू?”

केतकीला हसू आलं नाही. याच एका प्रश्नानं तिची झोप उडवली होती, आणि एवढंच विचारायला ती लेकीला काखोटीला मारून पुण्याहून बेळगावला आली होती.

कानांवरच तिचं पोट होतं. महागडे हेडफोन कानाला लावायचे, त्यांचा आवाज कसा, आराम किती, घडण कशी ते लिहायचं. लोक तिचा शब्द प्रमाण मानून खरेदी करत. डोळे बांधून दोन हेडफोन द्या, पहिल्या स्वराला कोणता कोणाचा ते सांगते, असं ती चारचौघांत म्हणायची. आणि सांगायचीही. हा कान माईंच्या गाण्याच्या तालमीत घडलेला, हेही पुढं जोडायची. तेवढी नम्रता तिच्यापाशी होती.

“काय होतं नक्की?”

“हेडफोन घातला की रेवाचं रडणं ऐकू येतं. काढते, धावत जाते... ती गाढ झोपलेली असते. पुन्हा घालते, पुन्हा रडणं.”

“कधीपासून?”

“झाली तेव्हापासून. म्हटलं, बाळंतिणीचं डोकं, येईल ताळ्यावर. आता चार वर्षांची झाली ती. शाळेत गेलेली असते, तरी ऐकू येतं. घरात नसलेलं पोर रडतं मला, माई!”

“नवऱ्याच्या कानावर घातलंस?”

“घातलं. म्हणाला, हेडफोनचाच दोष असेल, तसं लिहून टाक.”

माई खुदकन हसल्या. केतकीचे डोळे मात्र भरून आले होते.

“संध्याकाळपर्यंत या नव्या हेडफोनला गुण द्यायचेत. बाकी सगळं झालं, शांततेचे राहिलेत. बाहेरचा आवाज किती अडवतो, ते. जे नाही तेच जिला ऐकू येतं, तिनं लोकांना काय सांगायचं? हे काम दुसऱ्या कुणाला द्या, असा निरोप लिहून ठेवलाय संपादकांना. तुम्ही हो म्हणा... पाठवते.”

माईंनी अडकित्ता खाली ठेवला. “आण बघू इकडे.”

केतकीनं पिशवीतून हेडफोन काढून दिला. माईंनी तो उलटासुलटा केला.

“रंग कसला म्हणायचा हा?”

“शॅम्पेन गोल्ड.”

“पितळ म्हण की.”

वरची पट्टी अंबाड्यावर अडली. माईंनी अंबाडा सोडून खाली बांधला आणि हेडफोन कानांवर बसवला. लगेच तोंड वाकडं केलं.

“कुड्या रुततात गं. हे करणाऱ्याच्या घरात कुडी घालणारी एकही बाई नसावी.”

आरामाला केतकीनं भरघोस गुण दिले होते. तिनं मान खाली घातली. तिच्या कानांत काहीच नसायचं.

तिनं हात पुढं करून एक बटण दाबलं. शेजारच्या घरात दिवसभर खटखटणारा माग माईंपुरता थांबला. माई तशाच बसून राहिल्या... बराच वेळ. मग त्यांनी हेडफोन काढला आणि खिडकीत रेंगाळणाऱ्या रेवाच्या डोक्यावर घातला. तो तिच्या गालांपर्यंत घसरला.

“बंद!” रेवा ओरडली. उचलला. “चालू!” परत घातला. “बंद!”

“अगं, हळू! पडेल तो...” केतकी उठू लागली.

“बस,” माई म्हणाल्या. “तंबोरा घे. लाव.”

“आत्ता, माई?”

“मग केव्हा? माझ्या श्राद्धाला?”

केतकीनं गवसणी काढली. खुंट्या पिळायला घेतल्या. पंचम लागला. जोडाच्या, म्हणजे षड्जाच्या, दोन तारा एकीत एक मिसळल्या. खर्जाची जाड तार जरा रुसली. घोडीवरचा, तारेखालचा दोरा तिनं केसभर सरकवला, तशी तार भरून बोलायला लागली. खोलीत आवाजाचं धुकं दाटलं. खिडकीतली बंद-चालूची आरोळी कधी थांबली ते तिला कळलंच नाही.

“काय ऐकू येतं?” माईंनी विचारलं.

“पंचम, षड्ज... खर्ज.”

“आणि?”

केतकीनं डोळे मिटले.

“गंधार.”

“नक्की?”

“नक्की. स्वच्छ आहे.”

“कुठल्या तारेवर लावलास?”

“कुठल्याच नाही. गंधाराला तार कुठेय यात?”

“छेडला कुणी?”

“कुणीच नाही, माई.”

“म्हणजे नसलेलं ऐकू यायला लागलं.” माईंनी मोठा सुस्कारा सोडला. “बिघडला गं तंबोरा. चांगला होता.”

त्या पुढं वाकल्या, खर्जाची खुंटी मुठीत धरली आणि उलटी पिळायला लागल्या.

“अहो, काय करताय!” केतकीनं त्यांचा हात घट्ट धरला. आजवर कधी त्यांच्या हाताला असा हात लावला नव्हता. “उतरवू नका! आत्ता कुठं लागलाय तो! नीट लागला की न छेडलेला गंधार बोलतोच!”

माईंनी खुंटी सोडली नाही. केतकीनं त्यांचा हात सोडला नाही.

“लागलाय?”

“...हो.”

“बघ हं.”

माईंचा हात हळूच मागं गेला. त्यांनी अडकित्ता उचलला.

केतकीनं तंबोऱ्याला कान लावला. तारा आपसूक विझत गेल्या.

एवढ्यात खिडकीतून रेवा वळली. दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरलेला, कपाळाला आठी. कान झाकलेलं माणूस बोलतं तसं ती घर डोक्यावर घेत ओरडली,

“येतेय ना, आई! सारख्या काय हाका मारतेस?”