चढावरचा दगड

एकदा एका व्यापाऱ्याला प्रश्न पडला, की आपला सर्वांत जुना ट्रकचालक आता थकला आहे की नाही. प्रश्न साधा होता. चालकाला समोर बसवून विचारला असता, तर चहा निवायच्या आत सुटला असता. पण व्यापाऱ्याला तो थेट विचारण्याचा धीर होत नव्हता, आणि ज्याचा धीर होत नाही ते माणूस दुसऱ्याकरवी करवून घेतो.

चालकाचं नाव दस्तगीर मुलाणी. वय एकोणसत्तर. या नावाने त्यांना फक्त सरकारी कागद ओळखत; बाकी सगळे वस्ताद म्हणत. चव्वेचाळीस वर्षं ते घाटमाथ्यावरून बंदराला गूळ नेत होते आणि बंदरावरून खताची पोती घेऊन वर येत होते. पत्नी सहा वर्षांपूर्वी वारली. दोन्ही मुलगे शहरात स्थिरावलेले. "अब्बा, आता पुरे झालं," असं ते दर आठवड्याला फोनवर म्हणत, आणि वस्ताद दर आठवड्याला "बघू" म्हणत. या "बघू"ला आता नऊ वर्षं झाली होती.

व्यापाऱ्याने अलीकडे सगळ्या गाड्यांना एक यंत्र बसवलं होतं. कुठली गाडी कुठे आहे, चालू आहे की उभी, हे त्याला मोबाइलवर घरबसल्या दिसे. त्यात त्याला दिसलं, की वस्तादांची भरलेली गाडी घाट चढताना वाटेत थांबते. एकदा नव्हे, कधी सहा वेळा, कधी नऊ वेळा. इतरांना जो घाट तासाभराचा, तो वस्तादांना पावणेदोन तासांचा. व्यापारी मनाने वाईट नव्हता. म्हाताऱ्या माणसाला घाटात काही झालं तर, ही काळजीही त्याला खरोखर होती.

त्याने अंकुशला बोलावलं. अंकुश चौतिशीचा. आठ वर्षं शहरात टेम्पो चालवलेला, मोठ्या गाडीचं लायसन नुकतंच हाती आलेलं.

"एक फेरी वस्तादांबरोबर कर," व्यापारी म्हणाला. "शिकायला आलोय म्हण. घाटात थांबून काय करतात ते बघ. दम लागतो, डुलकी लागते, जे काय असेल ते. थकलेत असं तू येऊन सांगितलंस, की किल्ली तुझी."

अंकुशला गाडी हवी होती. मनापासून हवी होती. पण ती अशी मिळावी याची त्याला लाज वाटली, आणि लाज वाटूनही तो "बरं" म्हणाला. आपल्यापैकी बहुतेक जण तसंच म्हणाले असते.

गूळ घेऊन उतरताना काही विशेष घडलं नाही. वस्ताद गप्प गाडी चालवत होते आणि अंकुश दर तासाला बायकोला फोन लावत होता. जेवलीस का, पोरगं शाळेतून आलं का, असं काहीबाही. सहाव्या फोनला वस्ताद हसले.

"घराला आग लागलीया का रं?"

"न्हाई वस्ताद." अंकुश ओशाळला. मग खरं काय ते बोलून गेला. "टेम्पो चालवताना बाजारात सारखी माणसं असायची. हितं नुसता रस्ता. एकट्यानं गाडी न्यायची म्हंजी दोन तास कुणी बोलायला न्हाई. भ्या वाटतं बघा. तुमाला करमतं कसं? आन् ते बी एवढी वर्षं?"

"सांगीन," वस्ताद म्हणाले. "चढाला लागू दे."

दुसऱ्या दिवशी बंदरावर खत भरलं आणि अकराच्या सुमारास गाडी घाटाला लागली. चढाला लागलेल्या भरल्या गाडीचा एक नियम असतो आणि तो टेम्पोवाल्यालाही पाठ असतो: थांबायचं नाही. एकदा चाल तुटली, की सगळं वजन मागे ओढू लागतं आणि पुन्हा उचलताना गाडी हातभर तरी मागे घसरते. वस्तादांनी तिसऱ्याच वळणावर गाडी थांबवली.

ते खाली उतरले. मागच्या चाकांना त्यांनी बाभळीचे दोन ठोकळे लावले. हे ठोकळे त्यांनी स्वतः तासलेले होते आणि दोरीने गाडीलाच बांधलेले होते. गाडी पुढे सरकली की ते आपोआप मागून फरफटत येत. मग रस्त्याच्या मधोमध नारळाएवढा एक दगड पडला होता, तो त्यांनी दोन्ही हातांनी उचलला, कठड्यावर नेऊन ठेवला, हात झटकले आणि परत येऊन बसले. गाडी सुटली. पुढे दोन वळणांवर पुन्हा थांबली. पुन्हा दगड, पुन्हा कठडा.

"वस्ताद, वळसा घालून जाता आलं असतं की," अंकुश म्हणाला.

"आलं असतं," वस्ताद म्हणाले, आणि एवढंच म्हणाले.

पाच थांबे झाले. अंकुशने सगळे मोजले. त्याला दम दिसला नाही, डुलकी दिसली नाही, हाताचा कंपही दिसला नाही. भरली गाडी ऐन चढावर थांबवून दगड उचलत बसणारा माणूस मात्र दिसला. म्हातारा थकलेला नाही, पण डोक्याने हललाय, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. किल्ली मिळायला तेवढंही पुरेसं होतं.

घाट निम्मा झाल्यावर वस्तादांनी जागा बदलली. "आता तू घे. उरलेला घाट तुझा."

अंकुशने मनातल्या मनात वाया गेलेला वेळ भरून काढायचं ठरवलं. एक दगड दिसला, त्याला त्याने सफाईने वळसा घातला. वस्तादांनी मागे पडलेला तो दगड आरशात पाहून घेतला. पण माथ्याच्या अलीकडे, अगदी आखूड वळणावर, वरून एक एसटी आली आणि अंकुशला ब्रेक दाबावाच लागला. गाडी थांबली आणि हातभर मागे घसरली. हँडब्रेक ओढून त्याने उडी मारली. ठोकळे समोर लोंबत होते, पण घाबरलेल्या माणसाला समोरचं दिसत नाही. कडेला मैलाच्या दगडाचा एक तुकडा पडला होता, एका बाजूला पांढरा चुना लागलेला. तोच त्याने उचलून मागच्या चाकाखाली कोंबला. एसटी गेली. अंकुश वर चढला, पहिला गिअर टाकला, गाडी कशीबशी उचलली आणि घामेजल्या हातांनी माथ्यापर्यंत आणली. एवढ्या वेळात त्याने आरशातही पाहिलं नाही.

माथ्यावर चहाची टपरी होती. वस्तादांनी चहाचे दोन घोट घेतले.

"दगड कुठाय?"

"कुठला?"

"तू चाकाला लावलेला."

"र्‍हायला की तिथंच. मी गाडीत, दगड खाली. एकटा माणूस काय काय करणार वस्ताद?"

"बराबर हाय," वस्ताद म्हणाले. "एकट्या माणसाचं असंच हुतं." त्यांनी अर्धा चहा तसाच बाकावर ठेवला, टोपी सारखी केली आणि घाटातून खाली चालू लागले.

ते वळण चांगलं दीड किलोमीटर खाली होतं. तो धावत मागे गेला. "अवं वस्ताद, तुमचं वय काय! मी जातो, तुमी बसा."

"तू बी ये. वयाचं पायांना इचारू. ते नको म्हणाले तर बसू कठड्यावर."

दोघे चालू लागले. समोरून एक भरलेला ट्रक रांगत वर आला. चालकाच्या मिशा पिकलेल्या, शेजारची जागा रिकामी. त्याने नुसता हात वर केला. वस्तादांनीही केला. ट्रक वर निघून गेला आणि मग वस्ताद बोलू लागले.

"आधी हरएक गाडीला क्लीनर असायचा. गाडी अडली की त्यानं उडी टाकायची, चाकाला दगड लावायचा. गाडी सुटली की दगड कडंला टाकायचा आन् पळत येऊन फळीवर चढायचं. मी बी सात वर्षं तसाच चढलोय. तवा ह्या घाटात दगड म्हणून दिसायचा न्हाई. मग मालकांनी क्लीनर कमी केले. ड्रायव्हर एकला पडला. आता तोच उतरतो, तोच दगड लावतो, आन् गाडी सुटली की दगड मागं र्‍हातो. मागनं मोटरसायकलवाला येतो, त्याला दिसला तर ठीक. तू आज केलंस, तेच समदे करत्यात. त्यांना शिव्या देऊन काय करू?"

अंकुश खाली मान घालून चालत होता.

"त्या दगडाला टायराचा काळा डाग असतो बघ. डाग बघितला की मला कळतं, हितं एक माणूस एकटाच अडकला हुता. घाबरला असंल. कुणाला हाक मारावी तर कुणी नव्हतं. त्याला क्लीनर नव्हता, म्हणून मी त्याचा क्लीनर. जरा उशिरानं पोचतो, एवढंच. तू इचारलंस ना, करमतं कसं? असं करमतं. रोज माझ्या म्होरं कोण ना कोण गेलेलं असतंच."

थोडं चालल्यावर ते पुन्हा म्हणाले, आणि आता त्यांची मान ताठ होती. "आन् घरी बसायचं म्हणशील, तर पोरं माझी गुणाची हायती. भाकरीला कमी करणार न्हाईत. मी गाडी चालवतो, कारण मला ती येती. भरली गाडी ऐन चढाला उभी करायची आन् बोटभर मागं न जाता उचलायची, हे जवर हातात हाय तवर मी थांबणार, आन् दगड बी उचलणार. ज्या दिवशी जमायचं न्हाई, त्या दिवशी किल्ली मी सोता नेऊन दीन. शेठला त्यासाठी माणूस धाडायची गरज न्हाई."

म्हणजे वस्तादांना पहिल्यापासून सगळं माहीत होतं. माहीत असूनही त्यांनी अर्धा घाट त्याच्या हाती दिला होता.

ते आखूड वळण आलं. चाकाचा काळा ओरखडा रस्त्यावर स्पष्ट दिसत होता, पण दगड नव्हता. अंकुशने उताराकडे पाहिलं, गटारात वाकून पाहिलं. मग वस्तादांनी त्याच्या खांद्याला हात लावला आणि कठड्याकडे बोट केलं.

कठड्यावर तो मैलाच्या दगडाचा तुकडा ठेवलेला होता. चुन्याची बाजू वर, काळा डाग ताजा. गडगडून तिथे जाणं शक्यच नव्हतं. कुणीतरी गाडी थांबवून, उतरून, उचलून नीट ठेवला होता.

अंकुशने वळून वर पाहिलं. तो पिकल्या मिशांचा चालक केव्हाच माथा ओलांडून गेला होता. तोच असेल, नाहीतर दुसरा कुणी असेल.

वस्तादांनी त्या दगडावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी पुसले नाहीत.

"चव्वेचाळीस वर्षं झाली," ते म्हणाले. "मी कवा माझ्या चाकाचा दगड मागं सोडलाच न्हाई. त्यामुळं माझ्या मागं कोण येतंय का, हे मला कवा कळलंच न्हाई. खरं सांगू? कवा कवा वाटायचं, ह्या घाटात आपुनच एक खुळे. आज तुझ्या चुकीनं कळलं बाबा. म्होरं असतंय तसं मागं बी असतंय."

चढ चढून दोघे परत आले. वस्ताद वाटेत एकदाही बसले नाहीत. अंकुश दोनदा बसला. टपरीवाल्याने त्यांना नवा चहा दिला.

फेरी संपली. व्यापाऱ्याने अंकुशला दार लावून विचारलं, "काय मग? थकलेत ना?"

"शेठ," अंकुश म्हणाला, "भरली गाडी मी चढाला एकदा थांबवली, ती हातभर मागं गेली. वस्तादांनी पाच वेळा थांबवली, पाची वेळा बोटभर बी हलली न्हाई. हे मला जमंल त्या दिवशी मी किल्ली मागंन. तवर मला त्यांच्या शेजारी बसवा. त्यांचा क्लीनर म्हणून."

"आणि थांबून करतात काय ते?"

अंकुशने सांगितलं. व्यापाऱ्याने ऐकून घेतलं. मग मोबाइल उचलून पाहिला. वस्तादांची गाडी अंगणातच उभी होती. खिडकीतूनही दिसत होती. त्याने मोबाइल पालथा ठेवला आणि स्वतः उठून बाहेर गेला. जो प्रश्न त्याला समोर बसून विचारता आला नव्हता, त्यासाठी आता त्याने वस्तादांजवळ जाऊन दोन्ही हात जोडले. वस्ताद टायरला लोखंडी दांडक्याने ठोकून हवा तपासत होते. "काय झालं शेठ?" एवढंच त्यांनी विचारलं आणि पुढच्या टायरकडे वळले.

सव्वा वर्षाने अंकुशला दुसरी गाडी मिळाली. गाडीला बाभळीचे दोन ठोकळे बांधलेले होते. ते वस्तादांनी तासून दिले होते. पहिल्याच एकट्याच्या फेरीत, घाटाच्या चौथ्या वळणावर, त्याने भरली गाडी थांबवली. ती बोटभरही मागे गेली नाही. तो उतरला, रस्त्यातला दगड उचलला, आणि त्यावरचा काळा डाग बघत होता तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"आज सकाळधरनं फोन न्हाई केलासा," बायको म्हणाली. "एकटंच हायसा ना? काळजी वाटली."

अंकुशने दगड कठड्यावर ठेवला आणि रस्त्याकडे पाहिलं. वरपर्यंत आणि खालपर्यंत एकही गाडी दिसत नव्हती.

"न्हाई गं," तो म्हणाला. "हायती की माणसं."