एका पेटाऱ्यातले दोन साप

लहानथोर सगळेच ऐका. फार फार जुनी गोष्ट आहे, साप बोलायचे आणि राजे ऐकायचे नाहीत त्या काळातली.

एका राजाला साप पाळायची हौस होती. त्याच्याकडे एक नाग होता आणि एक कोवळी धामण. दोघांचे पेटारे वेगळे. त्यांची देखभाल राजाची म्हातारी आत्या करायची. धामणीला तर ती अंड्यातून बाहेर आल्यापासून तिनंच वाढवलेलं.

एकदा शेजारचा राजा पाहुणा येणार असं कळलं. झालं! आमच्या राजाच्या डोक्यात खूळ शिरलं. "आमच्या राज्यात सापसुद्धा बहीण-भावासारखे नांदतात, हे पाहुण्यांना दाखवू. दोघांना एकाच पेटाऱ्यात ठेवा!"

आत्या म्हणाली, "अरे, नाग दुसऱ्या सापाला खातो. एवढंही ठाऊक नाही तुला?"

"आत्याबाई, प्रेमानं ठेवलं की सगळे प्रेमानं राहतात."

दरबाऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांचं काय जातंय! पेटाऱ्यात त्यांना थोडंच राहायचं होतं?

धामण कळवळून म्हणाली, "महाराज, मला माझ्या पेटाऱ्यात राहू द्या. मला भीती वाटते."

नागही म्हणाला, "पोट भरलेलं आहे तोवर ठीक. भूक लागली की माझा भरवसा धरू नका."

आता याहून स्पष्ट कुणी काय सांगायचं? पण राजानं दोघांना एकत्र कोंडलं आणि स्वतः कुलूप घातलं.

सकाळी जाळीतून पाहिलं, तर दोघं एकमेकांच्या अंगावर वेटोळं घालून पडलेली. राजा हरखला. "बघा, कशी मिठी मारलीय!"

मिठी? डोंबल! ऊन पेटाऱ्याच्या एकाच कोपऱ्यात यायचं. तेवढ्या उबेसाठी दोघं एकमेकांना रेटत होती. धामणीनं तर धास्तीनं खाणंच सोडलं, आणि जाळीतून टाकलेलं थोडंसं खाणं नागाला पुरेना. आत्यानं कुलूप काढायला किती विनवलं! "पाहुणे येऊन जाऊ देत," राजाचं एकच पालुपद.

पाहुणे आले. थाटामाटात झाकण उघडलं. आत एकटा नाग होता, पोट फुगलेला. आत्या पेटाऱ्यात डोकावली आणि रडू लागली.

आणि राजा? तो नागावरच ओरडला, "विश्वासघातकी! ठेचा याला!" अरे, लाज कशी वाटली नाही!

नाग म्हणाला, "महाराज, भाऊ तुम्ही म्हणालात. मी कधीच म्हणालो नव्हतो."

सेवक काठ्या घेऊन धावले, तशी आत्या आडवी उभी राहिली. "खबरदार! माझ्या पोरीला यानं नाही मारलं. तुझ्या मिरवण्यानं मारलं."

नागाचा पेटारा उचलून ती दरबारातून निघाली. रानात जाऊन तिनं त्याला मोकळं सोडलं आणि ती राजवाड्यात पुन्हा कधी परतली नाही. पाहुणा राजा न जेवताच उठून गेला. राजाभोवती माना डोलावणारे तेवढे राहिले. 'अरे, चुकतोयस' असं हक्कानं सांगणारं माणूस त्याला जन्मात परत मिळालं नाही.

तात्पर्य: ज्याचा सांभाळ करायचा त्याचा स्वभाव ओळखून त्याला त्याची जागा द्यावी, आपल्या हौसेसाठी कुणाचा जीव पणाला लावू नये.