खोकला नसलेलं गाव

हे बाहेर बोलायचं नाही, असं आईने मला बजावलं होतं. मी बोलत नाहीये. लिहितेय.

“एकही नाही?” मुलाणी बाईंनी विचारलं.

“एकही नाही,” सारंगदादा म्हणाले. “दोनशे सोळा घरं झाली, बाई. कुणीही नकार दिला नाही. आणि एकाही घरात खोकला निघाला नाही.”

मुलाणी बाई शहरातल्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्या आमच्या गावी, माहेरच्या दोन खोल्यांत राहायला आल्या. रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे निबंध तपासून घ्यायला जाते. त्या दिवशीही मी खिडकीसमोर वही घेऊन बसले होते.

सारंगदादा त्यांचे जुने विद्यार्थी. आमच्या गावाला लागून खडीचे चार क्रशर आहेत. त्यांच्या धुळीने माणसं आजारी पडतात का, यावर ते पीएचडी करत होते. त्यांची पाहणी सोमवारी जिल्ह्याला जायची होती. ती बघून छातीचा फोटो काढणारी गाडी आमच्याकडे पाठवायची की दुसऱ्या गावाला, हे ठरणार होतं.

माझे आप्पा सतरा वर्षं क्रशरवर आहेत. त्यांच्या छातीचा फोटो एकदाही निघालेला नाही.

बाईंनी फॉर्मचा गठ्ठा मांडीवर घेतला. बोटाला थुंकी लावून पानं उलटली. खोकला, नाही. दम, नाही. छातीत दुखणं, नाही. सगळ्या खुणा एकाच सरळ रेषेत, खालपर्यंत.

“आमच्या गावात दोनशे सोळा घरं आणि एकही भांडखोर नाही...” बाई म्हणाल्या. “मी तर चहा घेण्याआधीच दोनदा ‘नाही’ म्हणते.”

सारंगदादा हसले. त्यांनी सांगितलं की लोक फार चांगले आहेत, प्रत्येक घरी बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं, संमतीच्या कागदावर कुरकुर न करता अंगठा दिला. आधीच्या पाहणीत म्हणे माणसं दारंच लावून घेत होती. यांनी मात्र गावातला माणूस सोबत घेतला होता. क्रशरचा लिंबाजी मुकादम रोज आपल्या मोटरसायकलवर त्यांना घरोघरी घेऊन जायचा. पेट्रोलचे पैसेसुद्धा घेतले नाहीत त्याने.

आताही मुकादम बाहेर कठड्यावर बसला होता. काडीने दात कोरत होता. खिडकीतून मला त्याची टोपी दिसत होती.

“उत्तरं कशी द्यायची माणसं?” बाईंनी विचारलं.

“थोडक्यात. बरेच जण नुसती मान हलवायचे. त्यामुळे वेळ वाचला.”

मग त्यांनी गठ्ठ्यातून एक फॉर्म काढून दाखवला. नंबर अठ्ठ्याऐंशी. या घरातला माणूस नमुनेदार होता, ते म्हणाले. पंचवीस मिनिटं जागचा हलला नाही. इकडे तिकडे बघितलं नाही.

मी मान खाली घालून वहीत बघितलं. अठ्ठ्याऐंशी नंबरचं घर आमचं.

पाहणीच्या दिवशी मुकादम आमच्या उंबऱ्यावर उभा होता, चौकटीला खांदा टेकवून. खोकणाऱ्या माणसाला तो दुसऱ्या दिवशी कामावर घेत नाही. आप्पा आधी तांब्याभर पाणी प्यायले. मग ओठ मिटून बसले. सारंगदादा विचारत होते आणि आप्पा मान हलवत होते. त्यांच्या गळ्याची शीर वर यायची, पुन्हा खाली जायची. मोटरसायकल वळणापलीकडे गेली, तसे ते घरामागे पाण्याच्या पिंपाशी जाऊन बसले, पोट धरून. आईने कळशी घासायला घेतली. शेजारी खोकल्याचा आवाज जाऊ नये म्हणून ती किती वेळ तीच कळशी घासत होती.

बाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं. मला काही विचारलं नाही.

“सारंग, सरळ बस,” त्या म्हणाल्या. “तोंड मिट. श्वास धर. मी सांगेपर्यंत सोडायचा नाही.”

सारंगदादांना वाटलं, बाई गंमत करतायत. पण ते बसले. त्यांनी गाल फुगवून श्वास धरला.

बाईंनी एक कोरा फॉर्म घेतला. पेन्सिलीला टोक होतं की नाही ते बघितलं. सावकाश चष्मा पुसला.

“खोकला येतो का?”

सारंगदादांनी मान हलवली. नाही.

“चालताना दम लागतो का?”

नाही.

बाई प्रत्येक प्रश्नानंतर खूण करायच्या, आणि मग थांबायच्या. सारंगदादांचे कान लाल झाले. त्यांनी एका हाताने गुडघा घट्ट धरला.

“आत्ता, या घडीला... काही त्रास होतोय?”

त्यांची मान जोरात हलली. नाही, नाही.

“सोड.”

ते पुढे वाकले. त्यांना ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी फॉर्म त्यांच्यासमोर धरला.

“तब्येत उत्तम आहे तुझी. तीनदा विचारलं मी.”

बाहेर मुकादमाने विचारलं, “काय साहेब, उचकी लागली का?” आणि तो हसला. आत कुणी हसलं नाही.

सारंगदादांनी गठ्ठ्यातले फॉर्म पुन्हा उलटून बघितले. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. मला वाटतं, तोपर्यंत त्यांनी मला बघितलंच नव्हतं.

“तुझ्या घरी कुणी खोकतं का गं?”

खिडकीतली टोपी हलायची थांबली.

मी ओठ मिटले. मान हलवली.

नाही.

हे मला लिहायचं नव्हतं. पण तसंच झालं.

सारंगदादांनी हळू आवाजात विचारलं, सगळीकडे ‘नाही’ खोडून ‘होय’ लिहू का.

“तुला कुणी ‘होय’ म्हटलं?”

“नाही.”

“मग ते तुझं उत्तर झालं. त्यांचं नाही.”

“मग काय लिहू, बाई?”

“‘नाही’ खोड, पण त्या जागी काही लिहू नकोस. कोरं ठेव.”

ते जवळजवळ रागावलेच. कोऱ्या रकान्यांचे फॉर्म जिल्ह्यातून परत येतात, ते म्हणाले. पाहणी अपुरी, असा शेरा बसेल. सगळी घरं नव्याने करावी लागतील, मुकादमाशिवाय, पायी. दारं लावली जातील. सोमवार हुकेल. त्यांचं एक वर्ष फुकट जाईल.

“जाईल,” बाई म्हणाल्या.

“आणि तरी त्यांनी खरं सांगितलं नाही तर?”

“तर पुन्हा कोरं ठेव. कोऱ्या रकान्यासाठी माणसाला परत यावं लागतं, सारंग. ‘नाही’ लिहिलेल्या घरी कुणी परत येत नाही.”

सारंगदादांनी पेनाचं टोपण काढलं. अठ्ठ्याऐंशी नंबरच्या फॉर्मवर त्यांचा हात थांबला होता. मला त्यांना सांगायचं होतं, की मुकादम शनिवारी तालुक्याला जातो, त्या दिवशी दुपारी आप्पा घरी एकटेच असतात, आणि उंबऱ्यात कुणी नसेल तर ते कदाचित

आई हाक मारतेय. “चित्रे, पाणी आण लवकर.” आप्पांना पुन्हा