भानुसेन महाराजांचं लाकडाचं तेल

भानुसेन महाराजांना धुराचा भारी तिटकारा. मशालींनी महालाची छतं काळी केली, हमामखान्याच्या चुलीने डोळ्यांना पाणी आणलं, तेव्हा त्यांनी फर्मानच काढलं की यापुढे राजवाड्यात धूर दिसता कामा नये. धुराशिवाय जाळ कसा करायचा ते मात्र फर्मानात नव्हतं. प्रधानजींनी डोकं धरलं आणि रसवैद्य त्र्यंबकभटांना गाठलं. भटजी हुशार माणूस. त्यांनी लाकडाच्या वखारीतला भुसा भट्टीत तापवून त्याचं नितळ तेल काढलं. दिवा लावला तर काजळीचा ठिपका नाही. महाराज खूश झाले. आणि महाराज खूश झाले की सगळ्या राज्याला धास्ती पडायची.

झालंही तसंच. एका दिव्यावर भागेना. दिवाणखान्यात, मुदपाकखान्यात, हमामात, अगदी घोड्यांच्या पागेतसुद्धा तेच तेल हवं. भुसा संपला, मग ओंडके आले, मग उभी झाडं. गाडीभर लाकडातून निघे जेमतेम घागरभर तेल, आणि ते काढायला भट्टीखाली आणखी गाडीभर जाळावं लागे. त्या भट्टीचा धूर आभाळ काळं करी. यावर प्रधानजींनी नामी तोड काढली. भट्टी डोंगरापलीकडे हलवली. आता राजवाड्याच्या गच्चीवरून पाहिलं तर आभाळ निळंशार! पलीकडची गावं खोकत होती, पण तो खोकला काही गच्चीपर्यंत ऐकू येत नव्हता.

या सगळ्याची झळ लागली ती हौसाच्या घराला. हौसा ही भिवा माहुताची मुलगी. महाराजांची मानाची हत्तीण चंद्रकला भिवाच्या हाताखाली होती आणि भैरोबाच्या टेकडीवरचा वडापिंपळाचा पाला खाऊन वाढली होती. अर्धी टेकडी बोडकी झाली, तशा चंद्रकलेच्या बरगड्या दिसायला लागल्या. उरलेली टेकडी दसऱ्यानंतर तोडायची असं ठरल्यावर तर भिवाने अन्नच सोडलं. हौसाला हत्तिणीची कीव आली, बापाचा राग आला, आणि ती तडक दरबारात जाऊन उभी राहिली. टेकडी राखा, नाहीतर हत्तीण उपाशी मरेल, एवढंच तिने सांगितलं.

महाराज रागावले नाहीत. त्यांना समजावून सांगायची हौस होती. एक झाड तोडलं की आपण एक रोप लावतो. जळताना जो धूर वर जातो, तो रोप वाढताना पिऊन टाकतं.

"एक घेतलं, एक दिलं. फिटलं," महाराज म्हणाले. "यात नुकसान कुणाचं?"

दरबाराने माना डोलावल्या. दरबाराला पगार त्याचाच मिळायचा.

"नुकसान आहे महाराज," हौसा म्हणाली, "आणि ते आपणच आपल्या तोंडाने सांगाल."

"असं म्हणतेस? मग दसऱ्याचा सूर्य मावळायच्या आत वदवून घे माझ्याकडून. जमलं तर टेकडी राहील. नाही जमलं तर पहिली कुऱ्हाड तुझा बाप चालवेल."

हौसा घरी येताच भिवाने तिला फैलावर घेतलं. राजाच्या तोंडून त्याच्याच विरुद्ध वदवायचं म्हणजे काय खेळ आहे? इकडे महाराजांनी तर जिभेवर पहाराच बसवला. राणीसाहेबांचा नवा शालू उंदरांनी कुरतडला, तरी महाराज म्हणाले, छान झालं.

दसरा उजाडला. रिवाज असा, की राजाने सीमोल्लंघनाला मानाच्या हत्तीवरूनच वेशीबाहेर जायचं. पायी गेला तर शेजारचे राजे वर्षभर हसायचे. दुपार कलताना महाराज शेला पांघरून, मंदिलात तुरा खोवून बाहेर आले. ताशे कडाडले. आणि पायरीशी उभं होतं एक हत्तीचं पिल्लू! हत्तीखान्यात श्रावणात जन्मलेलं, गाढवाएवढं. चंद्रकलेची भरजरी झूल त्याच्या अंगावरून मातीत लोळत होती. हौसा त्याचा कान धरून उभी होती.

"चंद्रकला कुठे आहे?" महाराजांनी विचारलं.

"रानात सोडली महाराज. तिच्या जागी हे आणलंय. एक घेतलं, एक दिलं."

"मी यावर बसू?"

"बसा की. हत्तीच आहे. सोंड बघा, कान बघा, शेपूटही आहे."

महाराज काय कमी हट्टी? त्यांनी खरंच टांग टाकली. पिल्लाने फतकल मारली, महाराज घसरून पायरीवर आले आणि त्यांच्या मंदिलातला तुरा पिल्लाने तोंडात घातला. लोकांनी उपरणी तोंडात कोंबली. महाराजांचा तोल सुटला तो सुटलाच.

"अगं, हे अंबारी पेलायला वीस वर्षं जातील! तोवर मी काय करू? आणि मधेच मेलं तर? म्हणे एकाच्या बदल्यात एक! हे तर निव्वळ नुकसान आहे माझं!"

ताशे थांबले. हौसाने वाकून मुजरा केला.

"टेकडीचंही हेच म्हणणं होतं महाराज. तिला बोलता येत नाही, म्हणून आपल्याला तसदी दिली."

महाराजांना हसू फुटलं, आणि ते असे गदगदून हसले, की पिल्लू बिचकून हौसाच्या मागे लपलं. त्या वर्षी महाराज सीमोल्लंघनाला पायी गेले. टेकडीची राखण त्यांनी हौसाच्या नावे करून दिली आणि तिला विचारल्याशिवाय राजानेही फांदी तोडायची नाही, असं भर वेशीत जाहीर केलं. परतताना मात्र त्यांनी हळूच विचारलं, की मग तेल कायमचं बंद का?

तेल चांगलंच आहे, हौसा म्हणाली. वखारीचा भुसा आणि आपसूक पडलेल्या काटक्या, तेवढ्यातून काढा. एका दिव्यापुरतं निघेल. जिथे दुसरा दिवा टिकतच नाही, तिथे तो लावा.

महाराजांनी तो दिवा काचेच्या कंदिलात घालून नदीच्या घाटावर लावायला सांगितला. तिथे वाऱ्यात मशाल टिकत नसे, साध्या तेलाच्या काजळीने कंदिलाची काच काळी होई आणि रात्री नावा खडकावर आपटत.

"आणि राजवाड्यात, महाराज?" प्रधानजींनी काळजीने विचारलं.

"राजवाड्यात," महाराज म्हणाले, "आपण लवकर झोपू."